नजर मुलींच्या मोज्यांवर, पांघरूण गिऱ्हाइकांवर

जपानमध्ये दरवर्षी डिसेंबरच्या सुमारास त्या वर्षी लोकांच्या तोंडी बसलेल्या शब्दांना पुरस्कार दिला जातो. 1996 साली पहिल्या दहा शब्दांत 'लूज सॉक्स' होते आणि त्याच दहांत 'एंजो कोसाई'ही होते. पहिला शब्द शाळकरी मुलींच्या पायांतल्या ढगळ, पांढऱ्या, चुण्या पडून घोट्यावर उतरणाऱ्या मोज्यांचा. दुसऱ्याचा अर्थ वरवर पाहता 'मदत करून केलेली ओळख'. प्रत्यक्षात मोठ्या वयाच्या पुरुषाने शाळकरी मुलीला पैसे किंवा महागड्या वस्तू देऊन तिची सोबत, आणि पुष्कळदा तिचे शरीर विकत घेणे. हे दोन शब्द एकाच यादीत आले आणि पुढे कितीतरी वर्षे लोकांच्या मनात जोडीनेच राहिले. असे मोजे घालणारी मुलगी म्हणजे 'तसली' मुलगी, असा हिशेब मांडला गेला. हा हिशेब मुलींनी मांडलेला नव्हता. तो मोठ्यांनी मांडला, त्याचा फायदा विकत घेणाऱ्यांना झाला आणि त्याची किंमत मुलींनी आजपर्यंत चुकवली आहे. शाळेच्या गणवेशावरचा जपानमधला आजचा वाद याच चुकीच्या हिशेबातून निघाला आहे, असे माझे मत आहे.

आधी त्या मोज्यांविषयी नीट सांगायला हवे. जाड, उभ्या रेघांच्या विणीचे, पांढरेशुभ्र. नेहमीचा मोजा पायाच्या मापाचा असतो. हा पायापेक्षा कितीतरी लांब. सरळ ताणला तर 70 सेंटिमीटर, 1 मीटर, 120 सेंटिमीटर, आणि हौस टोकाला गेली तेव्हा 2 मीटरपर्यंत. ही सगळी लांबी गुडघ्याखाली गोळा करायची, म्हणजे पोटरीपासून बुटापर्यंत घड्यांवर घड्या पडत. काही प्रकारांत वरचे रबरच काढून टाकलेले असे. मग मोजा घसरू नये म्हणून तो पोटरीला चिकटवायचा. त्यासाठी 'सॉक टच' नावाचा, बाटलीच्या तोंडाशी फिरती गोळी असलेला गोंद मिळत असे. हाकुगेन कंपनीने तो 1972 सालीच बाजारात आणला होता. ढगळ मोज्यांमुळे त्याला पुन्हा बरे दिवस आले. पायांत लोफर, वर कमरेशी गुंडाळून आखूड केलेला स्कर्ट, अंगात सैल कार्डिगन. खाली घड्यांचा एवढा जाड थर असला की वरचे पाय बारीक दिसतात, हे मुलींनी स्वतः आरशासमोर उभे राहून शोधून काढलेले तंत्र होते. मला या सगळ्यात सर्वांत आधी दिसते ती कारागिरी. प्रमाण, तोल, वजन, कापड कसे पडते याची जाण. पॅरिसच्या एखाद्या शिवणगृहातून हेच निघाले असते तर लोकांनी त्याला कला म्हटले असते.

हे निघाले मात्र शाळेच्या वर्गातून. मूळचे असले मोजे अमेरिकेतले, जाड बुटांत घालायचे, न्यूयॉर्कच्या ई. जी. स्मिथ या छापाचे नाव त्या संदर्भात नेहमी घेतले जाते. जपानमध्ये ते आधी कुठल्या गावच्या मुलींनी घातले याविषयी सेंदाईचे नाव घेणारे आहेत आणि मितोचे नाव घेणारेही आहेत. दोन्ही शहरे तोक्योच्या उत्तर-ईशान्येला आहेत. तिथल्या हिवाळ्यात आखूड स्कर्टखाली जाड मोजे ओढून घेणे यात नवल काहीच नाही. तोक्योतल्या शिबुया भागाच्या सेंतर-गाई गल्लीत आणि 109 या इमारतीसमोर ती फॅशन जगाला दिसली, एवढेच. कुणी एका माणसाने ती काढली असे सांगता येत नाही, आणि हेच मला तिच्यात सर्वांत मोलाचे वाटते.

या मुलींच्या हातात काय होते याचा विचार करा. अंगावरचे जवळजवळ सगळे शाळेने ठरवलेले. जपानमधला मुलींचा खलाशी गणवेश आला तो 1920 च्या आसपास. क्योतोची हेइआन जोगाकुइन आणि फुकुओकाची फुकुओका जोगाकुइन या शाळांची नावे त्यात पहिली येतात. फुकुओकाच्या शाळेत 1921 साली तो आणला तो अमेरिकन मुख्याध्यापिका एलिझाबेथ ली यांनी. मुलांचा गणवेश त्याच्याही आधीचा, उभ्या कॉलरचा, युरोपातल्या सैनिकी कोटावरून बेतलेला. म्हणजे मुलगे पायदळाच्या पोशाखात आणि मुली आरमाराच्या. पुढे 1980 च्या दशकात पुष्कळ शाळांनी खलाशी कॉलर सोडून ब्लेझर आणि चौकड्यांचे स्कर्ट आणले, पण ठरवणारे तेच राहिले. कॉलर, कोट, स्कर्ट, बॅग, केस या सगळ्यांवर नियम. उरला गुडघ्याखालचा वीतभर भाग. नियम म्हणाला 'मोजे पांढरे', तर मुलींनी पांढरेच घातले. आकाराविषयी नियमात काही नव्हते, म्हणून आकार त्यांनी आपला केला. पुढे शाळांनी ढगळ मोज्यांवरही बंदी घातली. मग मुली पिशवीतून मोजे नेऊ लागल्या आणि शाळा सुटल्यावर स्टेशनात बदलू लागल्या.

इथे एक जुनी गोष्ट आठवणे भाग आहे. 1970 च्या दशकात जपानमध्ये 'सुकेबान' म्हटल्या जाणाऱ्या बंडखोर मुली होत्या. त्यांनी गणवेशाचा स्कर्ट लांब केला, अगदी घोट्यापर्यंत. तेव्हाच्या शिक्षकांनी स्कर्ट फार लांब आहे म्हणून मुली बिघडल्या असा निष्कर्ष काढला. वीस वर्षांनी त्यांच्याच वारसदारांनी स्कर्ट फार आखूड आहे म्हणून मुली बिघडल्या असे ठरवले. लांब स्कर्टात पाय झाकलेले होते, आखूड स्कर्टात उघडे होते. नीतीची काळजी खरी असती तर दोन्ही वेळा निकाल एकच कसा लागला असता? याचा अर्थ सरळ आहे. पट्टी शालीनतेची नव्हती, आज्ञाधारकपणाची होती. मुलीने स्वतःच्या मनाने कपड्यात बदल केला हाच गुन्हा, मग तो बदल कुठल्याही दिशेने असो.

मुलग्यांनीही बदल केलेच. त्याच काळात गुंड म्हणवणारे मुलगे काळ्या गणवेशाची विजार घेरदार करून घालत, कोट गुडघ्यापर्यंत वाढवत. शाळा त्यांच्यावरही चिडत, शिक्षा करत. पण त्या विजारीवरून कुणी असा अंदाज बांधला नाही की हा मुलगा विकाऊ आहे आणि एखाद्या प्रौढ बाईने रस्त्यात त्याचा भाव विचारायला हरकत नाही. मुलाने कपडे बदलले तर तो उद्धट ठरला, मुलीने बदलले तर उपलब्ध ठरली. फरक कापडात नव्हता, बघणाऱ्यांत होता.

ते बघणारे कोण होते, आणि का बघत होते? 1990 च्या दशकाचा जपान धक्क्यातून सावरत होता. जमिनी आणि शेअर यांचा फुगा फुटला होता, मोठ्या कंपन्यांनी पदवीधरांची भरती आखडती घेतली होती. 1995 च्या जानेवारीत कोबेचा भूकंप झाला, मार्चमध्ये ओम शिनरिक्यो पंथाने तोक्योच्या भुयारी रेल्वेत सारिन वायू सोडला. वडील माणसांचा आत्मविश्वास डळमळलेला होता. त्याच वेळी शिबुयात मुली घोळक्याने हसत चालल्या होत्या. त्यांच्या हातात पेजर, 1995 साली आलेल्या पुरिकुरा यंत्रातून काढलेले चिकटचित्रांचे वह्याभर फोटो, कानांत आमुरो नामिए हिची गाणी. पेजरवर आकडेच पाठवता येत, तर मुलींनी आकड्यांचीच भाषा केली. कंपन्यांना लवकर कळले की पुढच्या महिन्यात काय खपणार हे या मुलींना आधी समजते. सगळा देश खचलेला असताना हा एकच गट उत्साहात दिसत होता आणि तो गट सोळा वर्षांच्या मुलींचा होता. कौतुक आणि राग दोन्ही त्यांच्यावर एकदम कोसळले. पुरुषांसाठी निघणाऱ्या साप्ताहिकांनी आणि रात्रीच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमांनी कॅमेरे घेऊन शिबुया गाठले. कॅमेरा जमिनीलगत, मोज्यांच्या उंचीवर. मुलीचा चेहरा धूसर, पाय स्पष्ट. ते चित्र पुढे सगळ्या जगात गेले.

त्या चित्रात पुरुष नसायचा. माझ्या सगळ्या म्हणण्याचा गाभा हाच आहे. मुलगी एकटीने स्वतःला विकू शकत नाही, त्यासाठी घेणारा लागतो. आणि तो घेणारा लपून बसलेला नव्हता, उलट त्याच्यासाठी सगळी व्यवस्था उभी होती. 1980 च्या दशकाच्या मध्यापासून 'टेलिफोन क्लब' चालत होते: पुरुष पैसे भरून खोलीत बसणार, मुली बाहेरून फोन करणार. त्यांच्या जाहिराती स्टेशनाबाहेर फुकट वाटल्या जाणाऱ्या कागदी रुमालांच्या पाकिटांवर छापलेल्या असत. शाळेतून घरी निघालेल्या मुलीच्या हातात ते पाकीट कुणीतरी सहज ठेवी. वापरलेले गणवेश, अंतर्वस्त्रे आणि मोजे पुरुषांना विकणारी दुकाने होती. 1993 साली पोलिसांनी त्यांच्यावर कारवाई केली तीही जुन्या वस्तूंच्या व्यापाराचा परवाना नाही या कारणाखाली. मुलीच्या अंगावरून उतरलेला कपडा विकत घेऊ पाहणाऱ्या माणसाविषयी त्या कायद्याला काही म्हणायचे नव्हते.

कायद्याची तारीखवार गोष्ट पाहिली की हे आणखी स्पष्ट होते. 1956 च्या वेश्याव्यवसाय प्रतिबंधक कायद्यात रस्त्यात गिऱ्हाईक शोधणाऱ्या बाईला शिक्षा होती, गिऱ्हाइकाला नव्हती. अल्पवयीनांशी गैरवर्तनाबद्दल बहुतेक प्रांतांनी आपापले नियम केले होते, पण खुद्द तोक्योच्या नियमांत अल्पवयीन मुलीला विकत घेणाऱ्याला शिक्षेची तरतूद आली ती 1997 साली. सगळ्या देशासाठी तसा कायदा झाला 1999 साली. म्हणजे 'एंजो कोसाई' या शब्दाला पुरस्कार मिळाल्यानंतर तीन वर्षांनी. आणि शरीरसंबंधाला संमती देण्याचे वय 1907 च्या दंडसंहितेत 13 होते, ते 16 झाले 2023 साली. (त्यातही मुलगी 13 ते 15 वर्षांची असेल तर समोरचा पाच वर्षांनी मोठा असावा लागतो, तरच हा नियम लागू.) 116 वर्षे! एवढ्या काळात स्कर्टची लांबी किती वेळा मोजली गेली असेल. शिक्षक गुडघ्यापासून सेंटिमीटर मोजत होते आणि त्याच देशाची दंडसंहिता तेरा वर्षांच्या मुलीला प्रौढ माणसापुढे एकटी उभी करत होती.

यावर नेहमी एक आक्षेप घेतला जातो आणि तो टाळणे बरोबर नाही. काही मुलींनी खरोखरच पैसे घेतले, काहींनी ते मुलाखतींत बिनदिक्कत सांगितले, काहींना त्या पैशांतून ब्रँडेड बॅग घ्यायची होती. हे खरे आहे. त्या सगळ्या असहाय होत्या असे म्हणून मी त्यांची बुद्धी नाकारणार नाही. पण सोळा वर्षांच्या मुलीला बॅग हवीशी वाटणे ही सामान्य गोष्ट आहे. चाळिशीच्या माणसाने ती बॅग दाखवून तिला खोलीत नेणे ही सामान्य गोष्ट नाही. दोघांच्या कृतीला एकच नाव दिले की जबाबदारी निम्मी निम्मी वाटल्यासारखी होते, आणि मग जो लहान तोच जास्त दोषी ठरतो कारण तोच कॅमेऱ्यासमोर असतो. शिवाय बॅगेची गोष्ट सांगायला सोपी होती म्हणून तीच सांगितली गेली. मार खाऊन घर सोडलेल्या, रात्री झोपायला जागा नसलेल्या मुलींची गोष्ट फार कमी वेळा सांगितली गेली.

ती त्यांनी शेवटी स्वतः सांगितली. 2016 च्या ऑगस्टमध्ये तोक्योत एक प्रदर्शन भरले. अशा अनुभवांतून गेलेल्या मुलींनी छायाचित्रे आणि आपले लिहिलेले मजकूर भिंतींवर लावले. प्रदर्शनाचे नाव होते 'आम्हाला विकत घेतले गेले'. वीस वर्षे जग म्हणत होते की मुली स्वतःला विकतात. मुलींनी त्या वाक्याचा कर्ता बदलला. त्यावर समाजमाध्यमांत त्यांना शिव्याही पडल्या, खोटारड्या म्हटले गेले. मला ते प्रदर्शन जपानच्या गेल्या काही दशकांतल्या सर्वांत धीट सार्वजनिक कृत्यांपैकी एक वाटते.

परदेशी माणसेही या चित्रात अडकली. 2015 च्या ऑक्टोबरमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या विशेष प्रतिवेदक मॉड द बूर-बुकिक्यो तोक्योत आल्या होत्या. मुलांचे लैंगिक शोषण हाच त्यांचा विषय. पत्रकार परिषदेत त्यांनी जपानमधल्या 13 टक्के शाळकरी मुली एंजो कोसाईत असल्याचे म्हटले. सरकारने आधार विचारला. तेव्हा त्या आकड्याला अधिकृत, ताजा पुरावा नाही हे त्यांना मान्य करावे लागले. आकडा मागे पडला हे योग्यच झाले. मात्र त्या भांडणात सगळी ताकद 'किती मुली' या प्रश्नावर खर्ची पडली. 'किती पुरुष' हा प्रश्न तेव्हाही कुणी विचारला नाही. जपानच्या अब्रूचा प्रश्न मुलींच्या टक्केवारीवर लढवला गेला, जणू देशाची अब्रू मुलींच्या पायांतच अडकली आहे.

ज्यांना मुलींची इतकी लाज वाटत होती त्यांनाच पुढे मुलींचा उपयोगही झाला. 2009 साली जपानच्या परराष्ट्र मंत्रालयाने परदेशांत जपानी फॅशनचा प्रसार करायला तीन तरुणींना 'कावाई', म्हणजे गोंडस, दूत नेमले. त्यांतल्या एकीचा पोशाख होता शाळेचा गणवेश. आखूड स्कर्ट, सैल कार्डिगन, शिबुयातल्या मुलींनी घडवलेली सगळी ढब. ज्या ढबीसाठी मुलींना वर्गाबाहेर उभे केले गेले तिचेच सरकारने विमानात बसवून प्रदर्शन मांडले. मुलींनी ही ढब घडवली याचे श्रेय त्यांना कुणी दिले नाही, आणि तिच्यामुळे त्यांच्या अंगाला चिकटलेला संशयही कुणी पुसला नाही.

आता शाळेच्या नियमांकडे येते, कारण प्रश्न आजही तिथेच धुमसतो आहे. 2017 साली ओसाका प्रांतात एका विद्यार्थिनीने खटला भरला. तिचे केस जन्मतः तपकिरी होते आणि शाळा ते काळे रंगवायला भाग पाडत होती. 2021 च्या निकालात न्यायालयाने तिचे नाव वर्गाच्या यादीतून काढणे आणि बाक हलवणे चुकीचे ठरवून 3,30,000 येन भरपाई दिली. पण केस रंगवण्याविरुद्धचा नियम आणि त्याची अंमलबजावणी कायदेशीरच ठरवली. त्याच वर्षी नागासाकी प्रांतातल्या शाळांची पाहणी प्रसिद्ध झाली आणि निम्म्याहून जास्त शाळांत अंतर्वस्त्रे पांढरीच हवीत असा नियम असल्याचे दिसले. अंतर्वस्त्रांच्या रंगाचा नियम तपासायचा कसा? कुणीतरी पाहिल्याशिवाय तो पाळला जातो की नाही हे कळणार नाही. म्हणजे मुलीचे रक्षण करायचे म्हणून शाळेनेच तिच्या ब्लाउजखाली पाहायचे. अशा नियमाच्या बाजूने एकही युक्तिवाद मला मान्य नाही.

तोक्योच्या शिक्षण मंडळाने 2022 च्या एप्रिलपासून आपल्या शाळांतून असे पाच प्रकारचे नियम काढले: सरसकट केस काळे करायला लावणे, केसांच्या एका विशिष्ट कापावर बंदी, अंतर्वस्त्रांचा रंग, शिक्षा म्हणून घरीच बसायला लावणे आणि 'विद्यार्थ्याला शोभेल असे' यांसारखी मोघम वाक्ये. शेवटचा नियम जाणे मला सर्वांत मोठे वाटते. 'शोभेल असे' या शब्दांत सगळा मामला होता. काय शोभते हे लिहिलेले नसे, म्हणून ते शिक्षकाच्या त्या दिवशीच्या नजरेवर ठरे.

गणवेशच नको असे मी म्हणत नाही. गणवेशामुळे गरिबाच्या आणि श्रीमंताच्या मुलीतला फरक वर्गात थोडा झाकला जातो आणि आईवडिलांचा खर्च वाचतो हा मुद्दा खरा आहे, जरी जपानमध्ये नव्या गणवेशाचाच खर्च कित्येक घरांना जड जातो. माझा विरोध आहे तो गणवेशाच्या नावाखाली मुलीच्या शरीराची झडती घेण्याला आणि 'हे तुझ्याच सुरक्षिततेसाठी' या वाक्याला. हे वाक्य मराठी मुलींनाही ओळखीचे आहे. आपल्याकडच्या कित्येक शाळांत आठवीला मुलींचा स्कर्ट जाऊन सलवार-कमीज येते. मुलांच्या पोशाखात फार तर चड्डीची पँट होते. कारण विचारले की उत्तर तेच मिळते. तोक्योच्या निशी-कसाई भागात आज मराठी घरे आहेत, त्यांतल्या ज्यांची मुले जपानी सरकारी शाळांत जातात त्यांना हा विषय परदेशातला कुतूहलाचा राहिलेला नाही.

सुरक्षिततेचाच मुद्दा घ्यायचा तर रेल्वेचे डबे पाहा. गर्दीत हात लावणाऱ्यांचा त्रास जपानमधल्या शाळकरी मुलींना इतका आहे की केइओ रेल्वेने 2001 साली बायकांसाठी वेगळे डबे कायम केले आणि 2005 पासून तोक्योतल्या बहुतेक मार्गांवर ते आले. या गुन्ह्याची शिकार होणाऱ्यांत गणवेशातल्या मुली पुष्कळ असतात, आणि नियमाप्रमाणे गणवेश घालणाऱ्या, गप्प, एकट्या मुलीही त्यातून सुटत नाहीत. मोजे ढगळ की घट्ट याने काही फरक पडत नाही. 2015 साली एका शाळकरी मुलीने आणि तिच्या आईने मिळून एक कार्ड बनवले, त्याचाच पुढे बिल्ला झाला. बॅगेला अडकवायचा, त्यावर लिहिलेले: हा गुन्हा आहे, मी गप्प बसणार नाही. बिल्ल्याचा उपयोग झाला, तो इतर मुलींपर्यंतही पोचला. मला त्या मुलीचा अभिमान वाटतो आणि त्याच वेळी संतापही येतो. मोज्यांवर, स्कर्टवर, केसांवर इतके नियम लादलेल्या मुलीनेच शेवटी स्वतःच्या बॅगेवर आणखी एक वस्तू लावायची, तेव्हा कुठे समोरच्याचा हात थांबणार.

दुसरा एक आक्षेप जास्त विचार करायला लावणारा आहे. ढगळ मोज्यांना मुलींचे स्वातंत्र्य कसे म्हणायचे? सगळ्यांनी तर एकसारखेच घातले. न घालणारी मुलगी घोळक्याबाहेर पडत असणार. 1995 साली सुरू झालेल्या 'एग'सारख्या मासिकांनी आणि दुकानांनी त्यावर पैसा केला. हे सगळे खरे आहे. सोळाव्या वर्षी घोळक्याचा धाक शाळेच्या धाकापेक्षा कमी नसतो. तरीही दोन्हींत फरक आहे, आणि तो मला निर्णायक वाटतो. घोळक्याची रीत मुली एकमेकींशी बोलून घडवतात आणि कंटाळा आला की मोडतात. 2000 च्या आसपास त्यांनी ढगळ पांढरे मोजे सोडले आणि गडद निळे, गुडघ्यापर्यंत घट्ट बसणारे मोजे घातले. त्यासाठी कुठल्याही मंडळाचा ठराव लागला नाही. शाळेचा नियम मात्र मुलीला बदलता येत नाही, त्याचे कारण विचारता येत नाही, आणि तो मोडल्याची शिक्षा तिच्या गुणपत्रिकेपर्यंत जाते. बाजाराने मुलींचा फायदा घेतला हे मान्य. पण बाजाराला त्यांचे ऐकावे लागले, शाळेला कधीच लागले नाही.

गेल्या काही वर्षांत ढगळ मोजे परत आले आहेत. 2019 साली सम्राट अकिहितो यांच्या राजवटीचा, म्हणजे हेइसेई, कालखंड संपला, आणि त्या काळात जेमतेम जन्मलेल्या मुलींना आयांचे जुने फोटो आवडू लागले. आता आया मुलींना गोंद कसा लावायचा ते सांगू शकतात. 1996 साली ज्या मोज्यांवरून घराघरांत भांडणे होत होती ते आता मायलेकींच्या गप्पांचा विषय झाले, हे मला मनापासून आवडते. त्यात बदनामीचे ओझे कमी आहे आणि मौज जास्त आहे. शिक्षण मंत्रालयानेही 2022 च्या डिसेंबरमध्ये शिक्षकांसाठीची मार्गदर्शिका बदलली, शाळांनी आपले नियम संकेतस्थळावर उघड मांडावेत आणि ते का आहेत ते सांगावे असे त्यात म्हटले. उघडपणाचा परिणाम होतो. 'अंतर्वस्त्रे पांढरी' हे वाक्य सगळ्या गावासमोर आपल्या शाळेच्या नावाखाली छापायचे म्हटले की मुख्याध्यापक दोनदा विचार करतात. या पुढची पायरी अशी असायला हवी की नियम ठरवताना विद्यार्थी खोलीत असतील, मत द्यायला, निव्वळ ऐकायला नव्हे. काही शाळांत ते सुरू झाले आहे. ते ऐच्छिक राहू नये.

कायद्याचे काम मात्र अर्धेच झाले आहे. 2017 साली तोक्योने शाळकरी मुलींना पुरुषांसोबत फिरायला, गप्पा मारायला ठेवणाऱ्या दुकानांवर अठराखालील मुलींच्या बाबतीत बंदी आणली. 2023 मध्ये संमतीचे वय वाढले आणि चोरून छायाचित्रे काढणे हा देशभरात गुन्हा झाला. पण 1999 चा कायदा अठरा वर्षांपर्यंतच्या मुलीलाच सांभाळतो. अठरावा वाढदिवस उजाडला की ती 1956 च्या कायद्याच्या हाती जाते आणि त्याच रस्त्यावर, त्याच माणसासमोर उभी असेल तर पकडली जाते ती. शिंजुकूच्या काबुकिचो भागात ओकुबो पार्कच्या कडेला गेली काही वर्षे हेच चालले आहे. तिथे उभ्या राहणाऱ्या तरुण मुलींची पोलीस धरपकड करतात, वर्तमानपत्रे त्यांची वये छापतात, त्यांच्यावर कर्ज कुणाचे आहे याच्या कथा छापतात. भाव विचारायला आलेला माणूस चालत निघून जातो. तो निघून जाऊ शकणार नाही असा कायदा जपानच्या संसदेने करायला हवा, आणि तो होईपर्यंत कुठल्याही शाळेने मुलीच्या पायाशी मोजपट्टी घेऊन बसू नये.